दीड मिलिमीटरचा वाद

दोघींपैकी एक चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गेज, मायक्रोमीटर, रिजेक्शन ही तिची रोजची भाषा. दुसरी तिची मावशी, मिरजेच्या एका रुग्णालयातून ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. भाचीच्या गालांवर कॉलेजच्या वर्षांतल्या मुरमांचे वण राहिले आहेत आणि घरच्या घरी मायक्रोनीडलिंग करायचं तिने ठरवून टाकलं आहे. कातडीला बारीक सुयांनी हजारो छिद्रं पाडायची, शरीर ती जखम समजून भरायला घेतं, त्यात नवं कोलॅजन तयार होतं आणि खड्डा थोडा वर येतो, असा हा उपचार. यंत्र कोणतं घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं. मी शेजारी बसून ऐकत होते. बोलण्यातलं कामाचं तेवढं इथे ठेवलं आहे आणि जिथे राहवलं नाही तिथे तोंड घातलं आहे.

भाची: मावशी, करू की नको हे मी विचारत नाहीये हं. रोलर, स्टॅम्प की पेन, एवढंच सांग.

मावशी: आधी गाल इकडे कर. खिडकीकडे. असा आडवा उजेड पडू दे.

भाची: झालं, ओपीडी सुरू!

मावशी: हे तपकिरी दिसतंय ना, ते नुसते डाग. त्यांना सुई लागत नाही. उन्हापासून जपलंस तर महिन्या-महिन्याने आपोआप फिके होतील. जिथे सावली पडते तो खड्डा. आता दोन बोटांनी कातडी ताण. हा गालावरचा बघ, ताणला की सपाट होतो. आणि हा नाकाशेजारचा, ताणला तरी जागचा हलत नाही.

भाची: तो आइस पिक. तोंड दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, खाली खोल निमुळता. उभ्या कडांचा असतो तो बॉक्सकार, आणि रुंद, उथळ, कडा न दिसणारा तो रोलिंग. २००१ सालापासून त्वचारोगतज्ज्ञ हीच विभागणी वापरतात. वाचलंय मी सगळं.

मावशी: मग पुढचं पानही वाचलं असशील. आइस पिकच्या तळाशी तुझ्या सुया पोचतच नाहीत. तिथे डॉक्टर टीसीए ॲसिडचा कणभर थेंब टोकदार काडीने आत ठेवतात, नाहीतर तेवढी कातडी पंचने काढून टाका घालतात. रोलिंगवाल्यात कातडी खालून तंतूंनी ओढून धरलेली असते. सुई आडवी घालून ते तंतू आधी तोडावे लागतात.

भाची: सबसिजन.

मावशी: हो, तेच. ते न करता वरून टोचत बसलीस तर दुखेल पुष्कळ, उठेल थोडंच.

जाहिरातींमध्ये वणाचा प्रकार कधी विचारलेला मी पाहिला नाही. ‘सर्व प्रकारच्या डागांवर’ असं छापलं की काम भागतं. भाचीच्या एका गालावर तिन्ही प्रकार होते, आणि यंत्र मात्र ती एकच शोधत होती. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण मुरमं गेल्यावर आरशात रोज हेच बघणाऱ्या माणसाला ‘निदान काहीतरी करतेय’ याचं मोल फार असतं. मावशीला ते मोल कळलेलं मला दिसलं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

भाची: बरं, आइस पिक सोडून दिले. बाकीच्यांना तर फरक पडतो ना? हे काही पार्लरवाल्यांनी काढलेलं खूळ नव्हे. कॅनडातल्या कामिरॉं आणि दूसे यांनी १९९७ साली टॅटूचं यंत्र शाई न भरता वणांवर चालवलं होतं आणि वण सुधारल्याचं लिहिलं. मग केपटाऊनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर बनवला. आणि आपल्या कातडीवर चालतं का म्हणशील, तर श्रीनगरच्या डॉ. इम्रान माजिद यांचा २००९ चा अभ्यास आहे. छत्तीस रुग्णांनी उपचार पुरे केले, त्यातल्या चौतीस जणांच्या वणांची प्रत एक-दोन पायऱ्यांनी सुधारली.

मावशी: सुई केवढी होती?

भाची: दीड मिलिमीटर.

मावशी: आणि तू घेतेयस तो रोलर?

भाची: घरी वापरायचे पाव मिलिमीटरचे असतात. अर्ध्याचेही मिळतात.

मावशी: चेहऱ्याच्या कातडीचा वरचा पापुद्रा साधारण दशांश मिलिमीटरचा. कोलॅजन त्याच्या खालच्या थरात, आणि तो थर मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाड. वणाची सगळी भानगड तिथे. पाव मिलिमीटरने तू उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येणार. वरून लावलेलं औषध जरा जास्त मुरेल, गाल दोन दिवस लाल आणि तुकतुकीत दिसतील, तुला वाटेल गुण आला. ती सूज असते.

भाची: मग दीडचाच घेते. ऑनलाइन मिळतो, पाचशेच्या आत.

मावशी: मिळतो ना. म्हणून तर मी इथे बसलेय.

इथून वाद खरा रंगला, कारण विषय भाचीच्या अंगणात आला. कोणा मैत्रिणीचा वापरलेला स्वस्त रोलर तिने कारखान्यात नेऊन प्रोफाइल प्रोजेक्टरवर धरला होता. ज्यावर यंत्राच्या भागांची सावली कित्येक पटींनी मोठी करून माप तपासतात, तेच ते उपकरण. तिच्या मोबाइलवर फोटो होते.

भाची: हे बघ. चांगल्या रोलरमध्ये १९२ सुया, आठ रांगांत, प्रत्येक सुई वेगळी बसवलेली. या डब्यावर लिहिलंय ५४०. जास्त सुया म्हणून लोक हाच उचलतात. पण यात सुया नाहीतच. पत्र्याच्या पातळ चकत्या दातेरी कापून एकमेकींवर रचल्यात. दात चपटे, बाजू धारदार. म्हणजे टोचण्याऐवजी चीर पाडणार. आणि हे तीन दात बघ, टोकं वळलेली.

मावशी: गळासारखी.

भाची: आत जाताना भोक, बाहेर येताना ओरखडा. त्यात रोलर फिरत फिरत कातडीत शिरतो, म्हणजे सुई तिरपी आत जाते आणि उलट्या बाजूला तिरपी होऊन बाहेर येते. हात जरा तिरका झाला, दाब वाढला, की रेघ उठली. म्हणून माझ्या यादीतून रोलर बाद. स्टॅम्प सरळ आत जातो, सरळ बाहेर येतो. पेनमध्ये मोटर तेच काम करते, खोली चाकावर ठरवता येते आणि सुयांचं कार्ट्रिज दर वेळी नवं, सीलबंद, निर्जंतुक केलेलं.

मावशी: रोलर बाद, हे माझ्याकडूनही. कपाळ, गालाचं हाड, जिथे खाली लगेच हाड आहे तिथे रोलरने आगगाडीच्या रुळांसारखे वण पडल्याचं आपल्याकडच्याच डॉक्टरांनी २०१२ साली लिहून ठेवलंय. जुने वण घालवायला गेलेल्या माणसाला नवे मिळाले.

भाची: मग पेनवर आपलं एकमत.

मावशी: पेन चांगलं आहे. ते चालवणार कोण यावर नाही.

निवडीचा प्रश्न एवढाच असता तर लेख इथे संपला असता. रोलरपेक्षा स्टॅम्प बरा, स्टॅम्पपेक्षा पेन बरं, आणि पेनमध्येही ज्याच्या कार्ट्रिजला आतून पडदा आहे ते बरं. पडदा नसेल तर रक्त आणि कातडीतला द्रव मागे चढून पेनच्या पोटात जातो, आणि पुढच्या वेळी कार्ट्रिज कितीही नवं असलं तरी पोट जुनंच राहतं. टायटॅनियम की स्टील, सोनेरी की चंदेरी, यावर मी अर्धं वाक्यही खर्चणार नाही. टोक धारदार आहे का, निर्जंतुक आहे का, एकदाच वापरायचं आहे का, तेवढं बघावं.

भाची: आता माझं ऐक. आमच्या पीजीच्या खाली पार्लर आहे, तिथे हेच पेन घेऊन एक मुलगी बसते. सहा महिन्यांचा कोर्स केलाय म्हणे. कार्ट्रिज नवं काढलं की कालचंच, कोण बघतं? आधीच्या बाईचं रक्त माझ्या गालात. त्यापेक्षा माझं पेन, माझं कार्ट्रिज, माझाच चेहरा. कोण जास्त सुरक्षित?

मावशी: तू.

भाची: काय?

मावशी: पार्लरपेक्षा तू सुरक्षित, यात वाद नाही. अमेरिकेत, न्यू मेक्सिकोत, एका विनापरवाना स्पामध्ये सुयांनी टोचून रक्तातला द्रव चेहऱ्यावर लावायचे. तिथून बायकांना एचआयव्ही झाला. २०२४ साली त्यांच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने अहवाल छापला. मी तुला पार्लरात जा म्हणतच नाहीये. आणि तुझं पेनही बहिणीला, रूममेटला वापरायला द्यायचं नाही, रोलर तर नाहीच. कंगवा नव्हे तो.

भाची: मग निर्जंतुकीकरणाचा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

मावशी: माझ्यापुरता नाही सुटला. कार्ट्रिज पाकिटातून निर्जंतुक निघालं, कबूल. तुझे हात? नळाचं पाणी? तोंड धुऊन ज्या टॉवेलला पुसलंस तो?

भाची: स्पिरिट आहे की.

मावशी: स्पिरिटने बरेच जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. थिएटरमध्ये आम्ही ऑटोक्लेव्ह लावायचो, १२१ अंश, पंधरा पौंडांचा दाब, पंधरा-वीस मिनिटं. ते झाल्याची खूण म्हणून टेपवर काळ्या रेघा उमटायच्या. त्या उमटल्याशिवाय ड्रम उघडायचा नाही.

भाची: पंधरा पौंड म्हणजे आपला कुकर झाला! शिट्टीचं वजन तेवढ्यावरच बसवलेलं असतं.

मावशी: घाल मग. प्लास्टिकची मूठ वाफेत वाकली की मला फोन कर. आणि वाकली नाही तरी त्या सुया बोथट झालेल्याच असतील, उकडून धार येत नाही.

मी हसले, पण भाचीचं डोकं चालू होतं हे दिसत होतं. तिला हरवायचं तर तिच्याच मापांनी हरवावं लागणार होतं. मावशीने ते केलं. मुद्दाम की सहज, कोण जाणे.

भाची: ठीक आहे, मधला मार्ग. पेन पाऊण मिलिमीटरवर लावते. महिन्यातून एकदाच. सलाईनने पुसते, स्वच्छ चादर, सगळं. दीड नाही आणि पावही नाही.

मावशी: चाकावर पाऊण लावलं की सुई पाऊणच जाते?

भाची: म्हणजे?

मावशी: तूच सांग, क्वालिटीवाली तू. त्या पेनला तुझ्या गेजसारखं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट येतं?

भाची: ...नाही.

मावशी: मोटर गरम झाली, बॅटरी उतरली तर?

भाची: स्ट्रोक बदलू शकतो. कार्ट्रिज नीट बसलं नाही तरी माप चुकतं. शिवाय कातडी दबते, दाबशील तशी खोली बदलणार. गालावर एक, डोळ्याखाली दुसरी.

मावशी: मग असा भाग चाकणला तुझ्या टेबलावर आला तर?

भाची: रिजेक्ट.

मावशी: मी कुठे काय बोलले?

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जे विचारलं ते मला रास्त वाटलं. हाच आक्षेप दवाखान्यातल्या पेनलाही लागू नाही का? लागू आहे. फरक असा की डॉक्टरचा भरवसा चाकावर नसतो, गालावर असतो. बारीक बारीक रक्ताचे ठिपके उमटू लागले की त्या जागी थांबायचं, ही तिथली खूण. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती दिसते. आरशात, डाव्या हाताने, भुलीच्या मलमाने बधिर झालेल्या स्वतःच्या गालावर ती ओळखायची म्हणजे कठीण, आणि बधिर गालाला दाब कळत नाही. भुलीच्या मलमाचंही तसंच. लिडोकेनचा जाड थर आख्ख्या चेहऱ्यावर थापायचा आणि दुखलं की टोचलेल्या कातडीवर पुन्हा लावायचा, असं घरी सहज होतं. मग ते औषध छिद्रांतून थेट रक्तात जातं.

भाची: बरं, पण तुम्ही लोक सगळ्यालाच घाबरवता. मी मुरमांसाठीचा आयसोट्रेटिनॉइनचा कोर्स चार महिन्यांपूर्वी संपवला. मागच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने चेहऱ्याला सुई लावायची नाही.

मावशी: बरोबर सांगितलं.

भाची: जुनं सांगितलं. २०१७ साली तज्ज्ञांनी सगळा पुरावा परत तपासला. मायक्रोनीडलिंगसाठी सहा महिने थांबायला ठोस आधार सापडला नाही. भारतातल्या त्वचा-शल्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही त्याच वर्षी आल्या आणि त्यांनीही तो नियम सैल केला.

मावशी: असं?

भाची: असं.

मावशी: मग माझं ज्ञान मागे पडलं. बरं, ते सोड. हनुवटीवर हे काय आलंय?

भाची: एक मुरूम आहे. पाळीच्या आधी येतो.

मावशी: एक नाही, तीन आहेत. जिवंत मुरमावरून सुया फिरवल्यास तर आतला पू आणि जंतू शेजारच्या प्रत्येक छिद्रात पेरशील. चामखीळ असेल तरी तसंच. ओठावर अधूनमधून नागिणीसारखे फोड उठत असतील तर सुयांनी ते उफाळून येतात, आधी गोळ्या घ्याव्या लागतात. छातीवर, खांद्यावर जुनी जखम फुगून वर आलेली असेल, तर विचारूच नये.

भाची: माझं तसलं काही नाही.

मावशी: आणि गोरं होण्याचं मलम? स्टिरॉइडचं?

भाची: कॉलेजात... वर्षभर.

याचं उत्तर मावशीने दिलं नाही, फक्त भाचीचा गाल पुन्हा उजेडात धरला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये स्टिरॉइडचं मिश्र मलम चिठ्ठीशिवाय मिळतं. ते वर्षानुवर्षं लावून पातळ झालेल्या कातडीवर पाऊण मिलिमीटर म्हणजे किती, हे पेनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीची आणखी एक गोष्ट. लेसरच्या उष्णतेपेक्षा सुया तिला पुष्कळ मानवतात, म्हणूनच हा उपचार आपल्याकडे इतका रुजला. पण जखम जास्त झाली की ती काळे डाग उठवून सूड घेते, आणि ते जायला महिने लागतात. घरी जोर लावणारे बहुतेक जण इथेच फसतात. खड्डा तिथेच, वर डाग नवा.

भाची: व्हिटॅमिन सी सीरम लावलं तर डाग उठत नाहीत म्हणे.

मावशी: तेच सीरम टोचल्यावर लावून बायकांच्या चेहऱ्यांवर गाठी उठल्याचं अमेरिकेतल्या त्वचारोगाच्या नियतकालिकात २०१४ साली छापून आलंय. कातडीवर लावायला बनवलेली वस्तू कातडीच्या आत सोडायची नसते. टोचल्यावर सलाईन, फार तर साधं, वास नसलेलं काहीतरी. बस.

भाची: म्हणजे तुझं म्हणणं, घरी जे चालतं ते पोचत नाही आणि जे पोचतं ते घरी चालत नाही.

मावशी: तू बोललीस, मी नाही.

भाची: पण मग एवढी विक्री होते ती कशी? सरकारची परवानगी असेलच ना?

मावशी: तुझ्या त्या अमेरिकेचं बघ. २०१८ साली त्यांच्या एफडीएने मुरमांच्या वणांसाठी स्किनपेन नावाचं पहिलं पेन मान्य केलं. बावीस वर्षांवरच्यांसाठी, दवाखान्यात वापरायला. घरी वापरायला दुकानातून सरसकट विकावं असं एकही मायक्रोनीडलिंगचं वैद्यकीय उपकरण त्यांनी मान्य केलेलं नाही. आपल्याकडे विकत मिळतं एवढ्यावरून ते तपासलेलं आहे असं समजू नकोस.

भाची: आणि पैसे? पेन एकदा घेतलं की झालं. दवाखान्यात दर सिटिंगचे काही हजार, वर प्रत्येक वेळी चाकणहून सुट्टी. तीन-चार सिटिंग, महिन्या-महिन्याच्या अंतराने. हा हिशेब तुला दिसत नाही, तुझी पेन्शन आहे.

हा टोला बरोबर बसला. मी भाचीच्या बाजूने होते. तज्ज्ञाकडे जा म्हणणं सोपं असतं, तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी असतो आणि त्याची फी पगाराच्या मानाने जड असते. पण कार्ट्रिज दर वेळी नवं घ्यायचं म्हटलं, सलाईन, मलम, सनस्क्रीन धरलं, की वर्षभराचा घरचा खर्चही पाचशेत राहत नाही. आणि तीन प्रकारच्या वणांपैकी आइस पिकना तो खर्च लागूच पडत नाही. पैसे वाचवायचे असतील तर माझ्या मते ते यंत्रावर वाचवू नयेत, सिटिंगच्या संख्येवर वाचवावेत. आधी एकदा नीट निदान, जिथे सबसिजन हवं तिथे सबसिजन, आणि मग मोजक्या वेळा सुया. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत हा खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. तिथे रांग असते, हे खरं.

मावशी: पेन्शनवरून बोललीस ते बोललीस. पहिल्या सिटिंगचे पैसे मी देते. पण आत्ता लगेच नाही. आधी हनुवटी शांत होऊ दे. डॉक्टर रात्री लावायला ॲडापेलिन देतील, ते लाव. उन्हात जाताना सनस्क्रीन, पावसाळ्यातसुद्धा. आणि महिन्यातून एकदा याच खिडकीत, याच वेळी, फोटो काढ.

भाची: ॲडापेलिनने खड्डे भरतात?

मावशी: थोडेसे, फार हळू. मुख्य म्हणजे नवे पडत नाहीत. तुझ्या पाव मिलिमीटरच्या रोलरपेक्षा जास्त काम करेल ते, आणि उकडावं लागत नाही.

भाची: आणि पेन?

मावशी: राहू दे त्या ॲपच्या टोपलीत. किंमत उतरते का बघ.

भाची: सुयांचा परिणाम दिसायला तसेही तीन ते सहा महिने लागतात म्हणतात. म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत कळणार नाही.

मावशी: वण पडायला कुठे आठवडा लागला होता? बरं, डॉक्टरांकडे जाताना ते प्रोजेक्टरवरचे फोटो बरोबर घे. पेन वापरता की रोलर, कार्ट्रिज माझ्यासमोर फोडता का, कोण टोचणार, तुम्ही की असिस्टंट, सगळं विचार.

भाची: चिडतील ते.

मावशी: चिडले तर दुसरे बघू. मिरजेत आणखी कशाची टंचाई असेल, डॉक्टरांची नाही.